बैल कमी पडला

देवका,

तुझी तेरवी झाली त्या संध्याकाळी कॅनडाहून इराचा व्हिडिओ कॉल आला. माझे सुजलेले डोळे तिला तिकडे दिसले. "आजी, देवका आजी आपली कोण होती?" तिने विचारलं. मी म्हणाले, "शेजारीण." तिने मान डोलावली. तिच्याकडे शेजारीण म्हणजे बर्फ उपसताना हात हलवणारी बाई. माझं उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं, आणि सारी नोकरी इंग्रजीचे पेपर तपासण्यात गेल्यामुळे अपुऱ्या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. म्हणून हे तुला लिहिते आहे. इरा आणि तिचा भाऊ कबीर माझ्या खांद्यावरून वाचतील. त्यांचं मराठी वाचन सावकाश चालतं, म्हणून वाक्यं सोपी ठेवते. तू म्हणायचीसच, "मॅडम, तू बोलून राहिली का पुस्तक वाचून राहिली?"

त्या सकाळचं आधी सांगते, कारण ते मला पुढे सांगवणार नाही. माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सिंगच्या मुलींची स्कूटी तुझ्या फाटकाला आडवी लावलेली होती. ती रोजच असते. रोज तू दात घासता घासता ओरडतेस, मुली हसत खाली येतात, स्कूटी सरकवतात. त्या दिवशी ऊन माझ्या पायरीवर आलं तरी स्कूटी तिथेच होती आणि कुणी ओरडलं नव्हतं. मला तेव्हाच कळलं. चप्पल न घालता रस्ता ओलांडला, तोही मी.

आपली ओळख भांडणातूनच झाली होती. फुलचूरच्या या बाजूला तेव्हा घरं कमी आणि धान जास्त. तुझ्या सासऱ्यांनी बांध्या मोडून ले-आउट पाडला, आणि आम्ही त्यातला एक प्लॉट घेतला. इरा, बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचे बांध घातलेला धानाचा तुकडा. त्यात पाणी साचवतात. आमचा पाया खणताना पाणी लागलं म्हणून मी कंत्राटदारावर चिडले होते, आणि तू कडेवर पोर घेऊन तिथे येऊन उभी राहिलीस. "त्याले काऊन बोलून राहिली? पाणी माह्या बांधीचं हाय. त्याले कोणी सांगितलं नाई का आता इथं मॅडम राहणार हाय म्हणून." पुढे कुणी माझ्या हातच्या भाताचं कौतुक केलं की तू श्रेय घ्यायचीस. माझं स्वयंपाकघर तुझ्या सगळ्यांत चांगल्या बांधीवर उभं आहे, भात चांगला होणारच.

शेत गेलं तरी तुझं घर तिथेच राहिलं, गल्लीच्या मधोमध. आम्ही सारे तुझ्या रानात राहायला आलेले पाहुणे, असंच तू वागायचीस. रेल्वेचे लोक, शिक्षक, बँकेतले, राइस मिलचे मुनीम. सगळ्यांचे पगार थोड्याफार फरकाने सारखे, सगळ्यांकडे एकच स्कूटर, सगळ्यांच्या अंगणात लहान मुलं. तेव्हा ही गल्ली इतकी भरलेली होती की दुपारी मुलांना झोपवणं हे एकट्या आईचं काम नव्हतं. तू काठी घेऊन फिरायचीस.

आणि तान्हा पोळा. कबीर, हे नीट वाच. पोळा मोठ्या बैलांचा असतो, तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांचा. मुलं लाकडाचे बैल सजवतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, आणि पूजा झाली की दोरीने ओढत दारोदार नेतात. प्रत्येक घरातून काहीतरी मिळतं. त्याला बोजारा म्हणतात. आपल्या गल्लीचं तोरण विजेच्या खांबापासून देवकाच्या फाटकापर्यंत बांधलं जायचं. ती मुरमुऱ्याचे लाडू द्यायची. मी पेन्सिली द्यायचे.

"पोट्टे बैल घेऊन येऊन राहिले आन् तू पेन्सिली देऊन राहिली," तू गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणायचीस. "बैल काय अर्ज लिव्हते का?"

पहिली काही वर्षं ते बैल ओबडधोबड होते. घराच्या चौकटी करताना सुतार उरलेल्या लाकडातून बैल काढून द्यायचा. निखिलचा तसाच आहे, सागाचा, एक शिंग जरा आखूड. मग पगार वाढले आणि बैलही वाढले. चाकं आली, पितळी घुंगरू आले, पाठीवर मखमली झूल आली. एका वर्षी एक बैल असा आला की तो ओढायला मुलाचे वडील लागले. तू मला कोपराने ढोसलंस, "आता बैल पोराले चारून राहिला." पुढे पुढे बैल सुंदर होत गेले आणि रांग आखूड होत गेली. पुण्याला कॉलेज, मग हैदराबाद, मग परदेश. घरांवर दुसरे मजले चढले, फाटकांना काळा रंग आणि सोनेरी भाले आले, दारांवर कॅमेरे लागले. ज्या वर्षी गल्लीत सगळ्यांत जास्त पैसा होता, त्याच वर्षी संध्याकाळी सगळ्यांत कमी दिवे लागायचे.

घर बंद करून जाणाऱ्या पहिल्या कुटुंबाने मुलाचा बैल तुझ्याकडे ठेवला. टेम्पोत जागा नव्हती, बाकी काही कारण नव्हतं. पण तू तो धानाच्या कोठीवर ठेवलास. शेत गेल्यापासून पत्र्याची ती मोठी कोठी रिकामीच होती. दुसरं कुटुंब गेलं तेव्हा तू स्वतःच मागून घेतलास. मग तो या गल्लीचा रिवाजच झाला. गॅसची नळी काढायची, दुधवाल्याला सांगायचं, देवकाकडे बैल द्यायचा, मग जायचं. कोठीवर बैल दाटीवाटीने उभे राहिले. तू त्यांच्यावर जुनं लुगडं पांघरायचीस आणि पोळ्याच्या आधी सगळ्यांना पुसून काढायचीस.

माझ्याकडेही मागितलास.

"दे वं मॅडम. तुह्या कपाटात त्याचा जीव घाबरते."

"निखिल गेलेला नाही. नोकरीला आहे."

"बाकीचे का चोरी करायले गेले?"

मी दिला नाही. बैल घरात आहे तोवर मुलगा या घरचा आहे, असं मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तुला ते ठाऊक होतं. म्हणूनच तू दर वर्षी मागायचीस आणि मी नाही म्हटल्यावर कधी दुसऱ्यांदा म्हणायची नाहीस. इरा, कबीर, तो बैल तुमच्या बाबांचा आहे. तुम्ही पोळ्याला याल म्हणून मी त्याला दर वर्षी तेल लावत आले. तुमच्या शाळा नेमक्या त्याच दिवसांत सुरू होतात, हे मला माहीत आहे. तक्रार नाही.

मग आपला मोठा वाद सुरू झाला, देवका. तो अजून संपलेला नाही.

बंद घरांचे खालचे मजले किरायाने जाऊ लागले. राइस मिलमधले हमाल आले, छत्तीसगडकडून गवंडी आले, बालाघाटकडचे फेरीवाले आले. एका खोलीत चौघं, पाच जण. ज्या ओट्यांवर पूर्वी इंग्रजी पेपर यायचा तिथे साड्या वाळू लागल्या. मी म्हणायचे, गल्ली रिकामी झाली. तू म्हणायचीस, डोळे तपासून घे.

ती सर्व्हेवाली मुलगी आली होती ते आठवतं? हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, उन्हाने लाल झालेली. तू तिला आधी पाणी दिलंस, मग तिच्या लग्नाची चौकशी केलीस, मग तिला बोलू दिलंस.

"काकू, घरात माणसं किती?"

"सात."

मी समोरच्या खुर्चीतून म्हणाले, "एक लिहा. त्या एकट्याच राहतात."

"राहत नाई म्हणून का नाई हायेत का? पोरगा, सून, दोन नातू, पोरगी, जावई, मी. मोज."

मुलगी म्हणाली, "काकू, इथे राहणारेच सांगा. आणि वार्षिक उत्पन्न?"

"कोणाचं लिव्हतेस? माह्या पोराचं लिव्हलं तर राशन बंद. माह्यं लिव्हलं तर तुलेच रडू येईन." मग तू तिला हाताला धरून फाटकाशी नेलंस आणि मागची घरं दाखवलीस. "तिकडं जा, बाई. तिथं मोज. एकेका खोलीत गोकुळ हाय. मॅडमच्या हिशोबात ते माणसं नाई येत."

ते मला लागलं होतं. मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. माझं म्हणणं इतकंच होतं की ती येणारी जाणारी माणसं आहेत. दहा महिन्यांनी किराया वाढला की जातात. त्यांची नावं पाठ होईपर्यंत दारावर नवीन चपला असतात. अशा माणसांची वस्ती होते, गल्ली होत नाही. मी हे तुला त्या दिवशीही सांगितलं आणि तू लाखोरीच्या डाळीचे वडे तळता तळता ऐकून घेतलंस. मग झारा माझ्याकडे रोखून म्हणालीस, "तू बी प्लॉट घेऊनच आलती. जमिनीतून नाई उगवली." मी वडे खाल्ले.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला तू कोठीवरचं लुगडं काढलंस आणि सगळे बैल किरायेदारांच्या मुलांना वाटून टाकलेस. एका दिवसासाठी. अट एकच. दिवे लागायच्या आत बैल परत, पाय धुऊन, आणि तुझ्या ओट्यावर घराकडे तोंड करून. मुलींनाही दिलेस. पूर्वी मुलींना कुणी देत नसे. मुकुंदाचा मखमली झुलीचा बैल गवंड्याच्या मुलीने ओढत नेला. मुकुंदाचे आईवडील कधीच मुलाकडे गेलेत, आणि जर्मनीत बसलेल्या मुकुंदाला याची गंधवार्ता नाही. ती मुलगी माझ्या दारात येऊन म्हणाली, "मैडमजी, बोजारा." मी पेन्सिल दिली. तिने ती बैलाच्या झुलीत खोचली.

त्या संध्याकाळी तू विजयी होतीस. तरी मी म्हणाले, अजून बैल उरले आहेत ना कोठीवर? म्हणजे गेलेलेच जास्त आहेत. हिशेब साधा आहे.

"एक दिवस पोट्टे जास्त होतीन आन् बैल कमी पडन," तू म्हणालीस. "मंग मान्य करशीन का?"

"करीन."

"मॅडमचा शब्द हाय."

दर वर्षी थोडेसे उरायचे. मी फक्त त्यांच्याकडे बघायचे. तू लुगडं टाकून द्यायचीस.

आता इथे काय आहे ते सांगते. तुझ्या मुलाने तेरवीनंतर घराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या हातात देताना तो म्हणाला, "मावशी, तुमच्याकडेच राहू द्या. बघू पुढे." त्याचा दोष नाही, त्याला हैदराबादला परतायचं होतं. किल्ली मी फ्रिजच्या बाजूच्या खिळ्याला अडकवली. चार वाजले की अजूनही दोन कपांचं पाणी चढवते. मग एक कप पुन्हा पातेल्यात ओतते आणि सातला गरम करून घेते. दिवसभरात माझ्याशी जे बोललं जातं त्यातलं बहुतेक "ओटीपी सांगा" असतं. नर्सिंगच्या मुली नीट वागतात, मला वाट देतात. वाट देतात तेच जास्त लागतं. तू कुणालाच वाट द्यायची नाहीस.

निखिलचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. तो फोनवर म्हणाला, "आई, त्या गल्लीत आता तुझं आहे कोण?" एक बिल्डर माझा आणि शेजारचा असे दोन्ही प्लॉट मागतो आहे, तिथे फ्लॅट होतील. दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. निखिलचा आवाज मऊ होता. माझे सगळे मुद्दे तो मलाच ऐकवत होता, आणि ते बरोबर होते. गल्ली रिकामी होते आहे असं मी इतकी वर्षं म्हणत आले. तू जाऊन माझी बाजू पक्की केलीस, देवका. मला असं जिंकायचं नव्हतं.

तू हे आधीच बोलून ठेवलं होतंस. मागच्या उन्हाळ्यात, वीज गेली होती आणि आपण तुझ्या ओट्यावर पंख्यासारखी वर्तमानपत्रं हलवत बसलो होतो. तू अचानक म्हणालीस, "मी गेली का तू एका महिन्यात जाशीन." मी वर्तमानपत्र हलवत राहिले. वीज आली आणि तू आत निघून गेलीस. नाही म्हणायला हवं होतं की हो, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नव्हतं.

काल तान्हा पोळा होता.

मी ठरवलं होतं की दार लावून बसायचं. तोरण बांधायला कुणी नव्हतं, मीही कुणाला सांगितलं नाही. पण सकाळीच बाहेर कुजबुज ऐकू आली. खिडकीतून पाहिलं तर तुझ्या फाटकासमोर मुलं. केस विंचरलेली, कपाळावर टिळे. कुणी ओरडत नव्हतं, हीच मोठी विचित्र गोष्ट. सगळी कुलपाकडे बघत होती. गवंड्याची बायको सुकवारा माझ्या फाटकाशी आली. "मैडमजी, बच्चे सुबह से खड़े हैं. समझाया, दादी नहीं रही. मानते ही नहीं. कहते हैं, दादी नहीं है, बैल तो हैं."

मी किल्ली घेतली.

तेरवीनंतर मी त्या घरात पहिल्यांदा गेले. आत कडुलिंबाच्या पाल्याचा वास होता, तू कोठीत टाकायचीस तो. भिंतीवर तुझा फोटो, हार सुकलेला. मी फार वेळ त्याच्याकडे पाहिलं नाही. लुगडं काढलं. या वर्षी बैल कुणी पुसले नव्हते, म्हणून मी त्याच लुगड्याने पुसले आणि एकेक बाहेर दिला. तुझ्यासारखंच सांगितलं, हा मुकुंदाचा, हा रेल्वेवाल्यांच्या छोट्याचा, सांभाळून. मुलं रांगेत होती. तू शिस्त म्हणून जे काही शिकवलं होतंस ते त्यांना येत होतं.

कोठीवरचे बैल संपले. मी हात फिरवून पाहिला, धुळीशिवाय काही नव्हतं. बाहेर आले तर एक मुलगी उरली होती. तिला मी ओळखत नव्हते. तुझ्यानंतर आलेलं कुटुंब असावं. ती माझ्या हाताकडे बघत होती. तिच्या हातात दोरी तयार होती, तिला झेंडूचं फूल बांधलेलं.

"मेरा?" ती म्हणाली.

बैल कमी पडला, देवका.

मी ओट्यावर तशीच उभी राहिले. पहिला विचार तुला हाक मारायचा आला. तू झारा रोखला असतास. तू गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं हसली असतीस, आणि मी रागावून दोन दिवस आले नसते, आणि तिसऱ्या दिवशी तूच चहा घेऊन आली असतीस. यातलं काही झालं नाही. मुलगी उभी होती. मुलगी उभी असताना फार विचार करता येत नाही.

रस्ता ओलांडून मी घरी गेले आणि कपाट उघडलं. इरा, कबीर, तुमच्या बाबांचा बैल मी तिला दिला. आखूड शिंगाचा आहे हे सांगितलं. तिला चाललं. दोरी गळ्यात घालताना तिने विचारलं, "इसका नाम क्या है?" नाव कधी ठेवलंच नव्हतं. मी म्हणाले, तू ठेव.

तोरण मग सुकवाराने बांधलं, आंब्याची पानं कुठून आणली कोण जाणे. बोजाऱ्याला माझ्याकडे पेन्सिलीच होत्या. कुणी काही म्हणालं नाही. तू नव्हतीस ना.

संध्याकाळी मी फाटकात उभी राहून वाट पाहत होते. मुलं दिवे लागायच्या आत परत आली. नळावर बैलांचे पाय धुतले आणि एकामागून एक सगळे बैल तुझ्या ओट्यावर ठेवले, बंद दाराकडे तोंड करून. तीही आली. मी हात पुढे केला होता. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. निखिलचा बैल तिने इतरांच्या मध्ये, मुकुंदाच्या शेजारी ठेवला आणि पळाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं की तो वेगळ्या घरचा आहे. तिने बरोबरच ठेवला.

मी तिथे पायरीवर बसले. गल्लीत खूप आवाज होता. वर कुठेतरी कुकरची शिट्टी, खाली कुणाचं भांडण, टीव्ही, रडणारं मूल. तो सगळा आवाज माझ्या बाजूने जात होता, माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. तू म्हणत होतीस ते खरं आहे, गल्ली भरलेली आहे. मान्य करते, शब्द दिला होता. पण भरलेल्या गल्लीतही मला संध्याकाळी कुणाशी भांडायचं हे तू सांगितलं नव्हतंस.

मग कुलूप काढलं आणि बैल आत नेले. कोठीवर सगळे बसवले. निखिलचाही. सगळ्यांवर लुगडं घातलं. रात्री निखिलचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं की त्याचा बैल देवका मावशीकडे दिला आहे. या गल्लीत वाढलेल्या मुलाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. तो हळूच म्हणाला, "म्हणजे तू येतेस?"

नाही म्हटलं. बैल त्याचा आहे, तो गेला म्हणून दिला. मी गेलेली नाही.

बिल्डरला काय सांगू, त्याने विचारलं. मी सांगितलं की तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे आणि पुढच्या पोळ्याला सकाळी कुणीतरी कुलूप काढायला हवं. किरायेदारांपैकी कुणाला तरी देता येईल, तो म्हणाला. सुकवाराला देता येईल. तूही हेच म्हणाली असतीस. पण कुणाच्या हातात घराची किल्ली ठेवण्याइतकी ओळख व्हायला चहाचे बरेच कप लागतात, आणि आम्ही अजून एकही घेतलेला नाही.

आज चार वाजता मी दोन कपांचं पाणी ठेवलं आहे. दुसरा कप सातपर्यंत ठेवायचा नाही असं ठरवलंय. सुकवारा कामावरून पाचच्या सुमारास परतते.